झिनफँडेल: ‘खरी’ कोणती, आणि घरी चाखून कसं ठरवायचं

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी आतापर्यंत झिनफँडेल या द्राक्षाच्या तीन वाइन प्यायल्या. पहिली नाशिकची, गुलाबी, थंडगार आणि जराशी गोड. दुसरीही नाशिकचीच, पण लाल आणि कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. तिसरी भावाने अमेरिकेहून आणलेली कॅलिफोर्नियाची, रंगाने काळपट, जामसारखी दाट, लेबलवर १५.५ टक्के अल्कोहोल. तिन्हींवर नाव एकच, पण चवीत काडीचंही साम्य नाही. मग यातली खरी झिनफँडेल कोणती? मित्रांना घरी बोलावून या शैलींची तुलना करायची तर कशी करावी? आणि महागडी बाटली घेण्यात अर्थ आहे का?

तिन्ही खऱ्या आहेत. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, कारण अडचण खऱ्या-खोट्याची नाहीच. बाटलीवर द्राक्षाचं नाव ठसठशीत छापलेलं असतं, म्हणून चवही त्या नावातूनच येणार असं आपण धरून चालतो. कॅबरने या लाल वाइनच्या द्राक्षाच्या बाबतीत हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. ती जगात कुठेही लावा, तिचा तुरटपणा आणि कणखरपणा लपत नाही. झिनफँडेल मात्र बागायतदार आणि वाइन करणारा जिकडे वळवेल तिकडे वळते. आपल्याकडचं थॉम्पसन द्राक्ष नाशिकला खायचं फळ म्हणून पेट्यांत भरलं जातं आणि तासगावला त्याचाच बेदाणा होतो. यातलं खरं थॉम्पसन कोणतं, असं कुणी विचारत नाही.

आधी हॉटेलात वाइनचं काम पाहिलं आणि आता पुण्यात टेस्टिंगचे कार्यक्रम घेतो. त्या अनुभवावरून सांगतो, झिनफँडेल समजून घ्यायची तर लेबलवरचं नाव बाजूला ठेवून ग्लासाला तीन गोष्टी विचाराव्यात. द्राक्ष किती पिकल्यावर काढलं? साखर किती उरवली? आणि सोबत काय आहे, म्हणजे वाइन ज्यात मुरवली त्या पिंपाचं ओकचं लाकूड आणि दुसरी द्राक्षं?

पहिला प्रश्न सगळ्यात मोठा, कारण या जातीची खोड तिथेच आहे. झिनफँडेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काही मणी नीट पिकलेले, काही अजून गुलाबी, एखाददुसरा चक्क हिरवा आणि काही सुकून मनुका झालेले, असं चित्र काढणीच्या दिवशीही दिसतं. त्यात घड गच्च आणि साल पातळ, त्यामुळे पाऊस आला की आतून कुजायची भीती. मग बागायतदाराने करायचं काय? हिरवे मणी पिकेपर्यंत थांबला तर बाकीचे मनुका होतात. लवकर काढली तर हिरवटपणा वाइनमध्ये उतरतो. बहुतेक जण थांबतात, आणि तिथून ती १५ टक्क्यांची गोष्ट सुरू होते.

आणखी एक गंमत. काढणीच्या दिवशी रसाची साखर मोजली आणि २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आली, तर ती खरी धरायची नसते. सुकलेले मणी टाकीत एकदोन दिवस भिजले की आतली साखर सोडतात आणि आकडा २६ पर्यंत चढतो. ब्रिक्सला साधारण ०.५८ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो. म्हणजे १४ टक्क्यांची वाइन करायला निघालेला माणूस १५ वर जाऊन पोहोचतो. तुमच्या भावाने आणलेली बाटली अशीच झाली असणार. तो जाम, ती अंजिराची झाक, घशातली ऊब, सगळं त्या सुकलेल्या मण्यांतून येतं.

लेबलवरच्या आकड्याबद्दलही सांगून ठेवतो. अमेरिकेत १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनला छापील आकड्यापेक्षा एक टक्का इकडे-तिकडे असण्याची मुभा आहे, १४ किंवा त्याखालच्या वाइनला दीड टक्का. तुमची १५.५ ची वाइन प्रत्यक्षात १६.५ सुद्धा असू शकते. तरीही दुकानात उभं राहून शैलीचा अंदाज बांधायला त्या बारीक अक्षरांतल्या आकड्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. १४ च्या आसपास असेल तर फळ ताजं आणि आंबटपणा शाबूत, १५ च्या पुढे असेल तर दाट आणि गरम. मागच्या लेबलवरची कविता वाचण्यात वेळ घालवू नका.

आता साखर. तुमची गुलाबी बाटली ज्या शैलीतून आली तिला कॅलिफोर्नियात ‘व्हाइट झिनफँडेल’ म्हणतात. तिथल्या नापा भागातल्या सटर होम या वाइनरीचे बॉब ट्रिन्चेरो १९७२ मध्ये लाल वाइन जास्त दाट व्हावी म्हणून सुरुवातीचा थोडा रस काढून घेत आणि त्याची वेगळी कोरडी वाइन करत. १९७५ मध्ये त्या रसाची आंबवण मध्येच अडकली. यीस्टने काम थांबवलं, साखर तशीच राहिली, रंग फिका गुलाबी. ती गोड वाइन लोकांना इतकी आवडली की पुढे लाल झिनफँडेलला तिने पार मागे टाकलं. या शैलीत अल्कोहोल ९-१० टक्के आणि साखर लीटरला अनेकदा ३० ग्रॅमच्या पुढे असते. कोरड्या वाइनमध्ये साधारण ४ ग्रॅमच्या आत. जाणकार म्हणवणारे या गुलाबी वाइनला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिच्यामुळे झिनफँडेलच्या द्राक्षांना मागणी टिकली आणि कित्येक जुन्या बागा उपटल्या जाण्यापासून वाचल्या, असं तिथले लोकच मानतात. आपल्याकडची गुलाबी तितकी गोड असेलच असं नाही. बाटलीगणिक फरक पडतो, आणि हल्ली कोरड्या रोझे, म्हणजे गुलाबी वाइनही मिळतात.

इथे एक घोळ कायम होतो. कार्यक्रमात कुणीतरी दाट लाल झिनफँडेलचा घोट घेऊन म्हणतं, “ही गोड आहे.” बऱ्याचदा ती गोड नसते. पिकलेल्या फळाचा वास आला की आपला मेंदू गोडवा गृहीत धरतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरा आणि मग घोट घ्या. नाक बंद असतानाही जिभेला गोड लागलं तर साखर आहे. नुसता आंबटपणा, तुरटपणा आणि ऊब जाणवली, तर तो गोडवा वासाचा होता. कॅलिफोर्नियाच्या स्वस्त लाल बाटल्यांमध्ये खरोखरच थोडी साखर उरवलेली असते, त्यामुळे ही चाचणी उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न लाकडाचा आणि सोबतीच्या द्राक्षांचा. अमेरिकन ओकच्या पिंपातून व्हॅनिला आणि ओल्या नारळाचा वास येतो, फ्रेंच ओक त्यामानाने शांत, लवंग-दालचिनीकडे झुकणारा. सोबतीचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियाच्या जुन्या बागांत एकाच शेतात झिनफँडेलच्या जोडीला पेटीट सिरा, कॅरिन्यान, अलिकान्ते बुशे असे वेल मिसळून लावलेले असत आणि काढणीही बरेचदा एकत्रच होई. पेटीट सिराने रंग आणि तुरटपणा येतो, कॅरिन्यानने आंबटपणा. रिज या वाइनरीची ‘गायझरव्हिल’ १९६६ पासून अशाच बागेतून निघते. लेबलवर द्राक्षाचं नाव लावायचं तर अमेरिकेत ते किमान ७५ टक्के असावं लागतं. गायझरव्हिलमध्ये ते पुष्कळदा त्याखाली जातं, म्हणून समोर नुसतं बागेचं नाव असतं. म्हणजे झिनफँडेलच्या सर्वात नावाजलेल्या बाटल्यांपैकी एकीवर ‘झिनफँडेल’ हा शब्द ठळकपणे नसतोच.

‘ओल्ड व्हाइन’ या शब्दांना मात्र अमेरिकन कायद्यात व्याख्या नाही. काही बागांत खरोखरच एकोणिसाव्या शतकातले वेल आहेत, पण तेच शब्द कुणी चाळीस वर्षांच्या वेलालाही लावू शकतो. किंमत वाढवायला ते सोयीचे आहेत एवढं लक्षात ठेवा.

प्रदेशांबद्दल लोक पुष्कळ विचारतात, पण आपल्याला पुण्यात जे मिळतं त्यापुरतंच बोलू. कॅलिफोर्नियात लोडायची जमीन बरीचशी वाळूची, वाइन मऊ आणि रसाळ, पहिल्यांदा पिणाऱ्याला लगेच आवडणारी. सोनोमातल्या ड्राय क्रीक व्हॅलीची जास्त बांधेसूद, काळ्या मिरीची झाक असलेली. पासो रोबल्सची उन्हातली, दाट. अमाडोर डोंगराळ, रांगडी. हे ढोबळ झालं. एकाच गावातले दोन शेजारी वेगवेगळ्या आठवड्यात काढणी करतात आणि हा सगळा नकाशा निकामी ठरवतात.

इटलीच्या दक्षिणेला पुलिया प्रांतात हेच द्राक्ष प्रिमिटिव्हो म्हणून लावतात. दोन्ही एकच आहेत हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात कॅरोल मेरेडिथ यांनी १९९४ मध्ये डीएनए तपासून दाखवलं. पुढे २००१ मध्ये झाग्रेब विद्यापीठाच्या संशोधकांसोबत मूळ सापडलं ते क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, काश्टेला भागात. तिथे तिचं नाव त्सर्ल्येनाक काश्टेलान्स्की, आणि त्याहून जुनं त्रिबिद्राग. तिकडची बाटली इथे मिळणं कठीण, तेव्हा तो विषय सोडू. प्रिमिटिव्हो मात्र पुण्यातल्या बऱ्या दुकानांत अधूनमधून दिसते. मांडुरियाची समुद्राजवळच्या सपाटीवरची, दाट आणि मनुकांची. जोया देल कोल्लेची जरा उंचावरची, जास्त ताजी. प्रिमिटिव्होचे घड झिनफँडेलपेक्षा थोडे मोकळे असतात आणि ती थोडी लवकर पिकते. कॅलिफोर्नियाच्या बाटलीच्या शेजारी ठेवली की मला ती बहुधा कमी फळाची आणि जास्त मातकट वाटते.

आणि नाशिक. सुला या वाइन कंपनीने ही जात तिथे लावली आणि तिच्यापासून गुलाबी आणि लाल दोन्ही वाइन काढल्या. आपल्या हवामानात वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून दोनदा छाटणी. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि मग जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. कॅलिफोर्नियात द्राक्ष ऑगस्टनंतर दिवस आखडत असताना पिकतं. नाशिकला ते थंडी सरून ऊन तापत असताना पिकतं. फेब्रुवारीअखेर ऊन चढायला लागलं की आंबटपणा झपाट्याने पडतो, त्यामुळे मणी मनुका होईपर्यंत वाट बघणं परवडत नाही. म्हणून नाशिकची लाल झिनफँडेल हलकी, करवंद-जांभळाच्या वळणाची, शेवटी किंचित धुरकट लागते. ती कॅलिफोर्नियाची कमअस्सल नक्कल आहे असं समजून प्यायलात तर निराश व्हाल. मला स्वतःला ती मार्च-एप्रिलच्या पुण्यात १५.५ टक्क्यांच्या बाटलीपेक्षा जास्त आवडते.

तर आता मित्रांची मैफल. तुमच्या तिन्ही बाटल्या वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या ग्लासात, वेगळ्या तापमानाला प्यायलेल्या. तुलना तिथेच फसली. एका बैठकीत चार बाटल्या पुरे: नाशिकची लाल, नाशिकची गुलाबी, एक प्रिमिटिव्हो आणि एक कॅलिफोर्नियाची. शेवटच्या दोन न मिळाल्या तर परदेशातून येणाऱ्याला सांगा. प्रवाशाला दोन लीटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. माणशी प्रत्येकी ५० मिली ओतलं तर एक बाटली पंधरा जणांना पुरते. आठ माणसं असली तरी जेवणासाठी उरते.

ग्लास एकसारखे घ्या. भारी नसले तरी चालतील, पण सगळे सारखेच हवेत आणि आदल्या दिवशी साध्या पाण्याने विसळून ठेवलेले. कपाटातल्या ग्लासाला कपाटाचा वास असतो, हे नाक घालून बघा म्हणजे पटेल. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर एक-दोन-तीन आकडे टाका. घरात त्या संध्याकाळी उदबत्ती नको, अत्तर नको, आणि स्वयंपाकघरात फोडणी तर अजिबात नको. लसणाची फोडणी पडली की पुढचा अर्धा तास सगळ्या वाइन लसणीच्या. तोंडातली आधीची चव पुसायला साधा पाव आणि पाणी. श्रूजबेरी बिस्किटं कुणीतरी हमखास घेऊन येतं. ती जेवणानंतर काढा, कारण गोड खाल्ल्यावर कोरडी वाइन नुसती आंबट लागते.

याच कारणासाठी गुलाबी वाइन मी सुरुवातीला देत नाही. सर्वसाधारण रीत ‘फिकी आधी, गडद नंतर’ अशी आहे, पण ‘कोरडी आधी, गोड नंतर’ अशीही एक रीत आहे, आणि इथे दोन्हींची टक्कर होते. मी दुसरीच्या बाजूने. आधी तिन्ही लाल, अल्कोहोलच्या चढत्या क्रमाने, आणि गुलाबी सगळ्यात शेवटी, जेवणाबरोबर. तुमची गुलाबी कोरडी असेल तर मात्र खुशाल आधी घ्या.

तापमानाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांतला आहे. एप्रिलमध्ये कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर खोलीचं तापमान ३२ अंश असतं, आणि त्या तापमानाला झिनफँडेल औषधासारखी लागते. लाल बाटल्या फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा, १६ अंशांच्या आसपास ओता. गुलाबी ८ ते १०. एक प्रयोग जरूर करा: कॅलिफोर्नियाच्या वाइनचा एक ग्लास तासभर आधी ओतून बाहेर ठेवा आणि दुसरा थंड बाटलीतून ताजा ओता. पाहुण्यांना न सांगता दोन्ही द्या. पहिल्यात स्पिरिटचा भपका आणि शिजवलेलं फळ, दुसऱ्यात तुती, मिरी आणि आंबटपणा. दोन्ही एकाच बाटलीतल्या आहेत हे निम्म्या लोकांना खरं वाटत नाही.

दुसरा प्रयोग पाण्याचा. १५.५ टक्क्यांच्या ५० मिली वाइनमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी घाला. अल्कोहोल १४.१ वर येतं. जळजळ कमी होऊन खाली दडलेलं फळ वर येतं का, की वाइन नुसतीच पातळ लागते? फळ वर आलं तर वाइनमध्ये दम आहे. पातळ पडली तर तिचा सगळा डौल अल्कोहोलचाच होता. याला कुणी पावित्र्यभंग म्हणेल, पण कॅलिफोर्नियात अतिपक्व द्राक्षाच्या रसात आंबवणीआधी पाणी घालण्याची पद्धत चालत आलेली आहे.

चाखताना शब्दांवरून अडू नका. ब्लॅकबेरी, ब्रॅम्बल वगैरे शब्द आपल्या नाकात नाहीत आणि ते असायचं कारणही नाही. करवंद, जांभूळ, तुती, महाबळेश्वरची रासबेरी, सासवडचं अंजीर, मनुका, काळी मिरी, लवंग, आमसूल हे सगळं आपल्याला नीट ठाऊक आहे. प्रत्येकाने गप्प बसून एकदोन शब्द लिहावेत आणि मगच बोलावं, नाहीतर घरात जो सर्वात मोठ्याने बोलतो त्याचीच चव सगळ्यांना लागते. पुण्यात हा धोका जरा जास्तच.

जेवणाचं म्हणाल तर तिखटाशी जपून. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. झणझणीत रश्श्याबरोबर १५ टक्क्यांची झिनफँडेल म्हणजे दोन्हींची नासाडी. तिथे तीच गुलाबी, थंड आणि हलकी गोड वाइन कामाला येते, आणि नाकं मुरडणारेही गुपचूप दुसरा ग्लास घेतात. दाट लाल वाइनला खोबरं-खसखशीचं सुकं मटण किंवा तव्यावरची कलेजी, तिखट बेताचं ठेवून. शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी चांगली जमतात, फक्त गूळ कमी.

राहिला पैशांचा प्रश्न. आयात शुल्क आणि वरचे कर धरले की परदेशी बाटलीची किंमत तिथल्या किमतीच्या कितीतरी पट होते, आणि त्या जास्तीच्या पैशांत वाइन काही सुधारत नाही. त्यातून साठवणुकीचा भरवसा नाही. मे महिन्यात दुकानाच्या काचेत उभ्या बाटल्या उन्हात तापताना मी पाहिल्या आहेत, चांगल्या नावाच्या. बूच थोडं वर सरकलेलं दिसलं किंवा वरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ असला, तर कितीही सवलत असो, घेऊ नका. भावाला तिथून आणायला सांगणं हाच शहाणपणा. त्यातही १४.५ च्या आतली एक आणि १५ च्या वरची एक मागवा. दोन महागड्या, पण सारख्याच शैलीच्या बाटल्यांपेक्षा त्या जास्त शिकवतील. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर बाटल्या जपून ठेवायच्या भानगडीत पडू नका, उन्हाळा लागायच्या आत उघडा. त्या रात्री उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी मित्र नसताना पुन्हा एकेक घोट घेऊन बघा. प्रिमिटिव्हो बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी लागते. गुलाबी मात्र उघडली त्या दिवशीच संपवा.